चटका कळतो तोवर

करोल बागेतल्या बीडनपुऱ्याच्या गल्ल्यांतून जाताना मध्येच माणदेशी मराठी कानावर पडते आणि दिल्लीत असल्याचा विसर पडतो. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे हे गलाईवाले. खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली माणसं दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ बाजारांच्या पाठीमागे असलेल्या खोल्यांत जाऊन बसली. करोल बागेतही ती आहेत.

अशाच एका खोलीत भट्टीशेजारी बसलो होतो. गावाकडून नुकत्याच आलेल्या पोराचा हात तापलेल्या सांडशीला लागला आणि असा झटक्यात मागे आला की कोपर भिंतीवर आपटलं. शेजारचा म्हातारा कारागीर हसला. "आजून बोटं तयार व्हायची हाईत त्येची." मग त्याने नुकताच गार होऊ लागलेला चांदीचा गोळा दोन बोटांत उचलून तराजूत टाकला. मी विचारलं, "तात्या, चटका नाही बसत?" तो म्हणाला, "बसतोय की. पर कळत न्हाई."

बोटं तयार होणं म्हणजे काय? याची दोन उत्तरं आहेत आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. पहिलं, कातडी जाड झाली, घट्टा पडला. दुसरं, कातडीखालची तार मुकी झाली. पहिलं शरीराचं शहाणपण आहे, दुसरं नुकसान. धंद्यात मात्र दोन्हींचं एकाच शब्दात कौतुक होतं. मेंदूबाहेरच्या चेतांविषयी गेल्या दोनशे वर्षांत पुष्कळ कळलं, पण तात्यांच्या त्या वाक्याने दाखवलेली अडचण अजून सुटलेली नाही.

एक शीर, अनेक अर्थ

मराठीत 'शीर' हा शब्द रक्तवाहिनीलाही चालतो, स्नायूच्या दोरीलाही आणि चेतेलाही. शिरेवर शीर चढते, शीर आखडते, शीर दबते. दिल्लीत तेच काम 'नस' करते. आपल्या पुस्तकांनी आधी ज्ञानतंतू म्हटलं, मग मज्जातंतू, आता चेता. करोल बागेतच तिब्बिया कॉलेज आहे. हकीम अजमल खानांनी उभं केलेलं आणि १९२१ साली गांधीजींनी उद्घाटन केलेलं. तिथले युनानीचे विद्यार्थी चेतेला 'असब' म्हणतात. नावांचा असा गोंधळ असला तरी अनुभवाचे शब्द मात्र आपल्याकडे नेमके आहेत. मुंग्या येणं, झिणझिण्या, चमक, ठणका, आग, बधिरपणा. चेताविकारांचा डॉक्टर रुग्णाला हेच खोदून विचारतो, कारण मुंग्या बहुधा जाड तंतूंकडून येतात आणि आग बारीक तंतूंकडून.

मेंदू आणि मेरुरज्जू सोडून उरलेलं सगळं जाळं म्हणजे परिघीय चेतासंस्था. कवटीतून चेतांच्या १२ जोड्या निघतात, पाठीच्या कण्यातून ३१. काही तंतू बातमी आत नेतात, काही हुकूम बाहेर आणतात. तिसरा गट घाम, नाडी, आतडी, मूत्राशय असं आपल्याला न विचारता चालणारं काम सांभाळतो. एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं बरंच उलगडतं. पायाच्या अंगठ्याला हलका स्पर्श झाल्याची बातमी नेणारी पेशी एकच असते. तिचं मुख्य घर कमरेच्या कण्याशी आणि शेपूट अंगठ्यात, म्हणजे मीटरभर दूर. त्या शेपटाला लागणारं सामान कण्याजवळच्या घरातून जातं. बारीक पुड्या दिवसाला काही शे मिलिमीटर सरकतात, तर आतल्या सांगाड्याचा माल जेमतेम काही मिलिमीटर. रसद कुठेही कमी पडली की पहिला फटका सर्वांत लांबच्या टोकाला बसतो. म्हणून बहुतेक चेताविकार तळपायातून सुरू होतात, मोज्यासारखे वर चढतात, गुडघ्याजवळ येईपर्यंत हातमोजाही चढू लागतो.

हात आधी, दुखणं मागाहून

चेतेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजताच येणार नाही असं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानलं जाई. हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये बेडकाच्या चेतेवर ते मोजून दाखवलं. उत्तर निघालं सेकंदाला साधारण ३० मीटर. विजेच्या तुलनेत हे अगदीच सावकाश होतं. माणसाच्या जाड, वेष्टण असलेल्या तंतूंत वेग १०० मीटरच्या घरात जातो. बारीक, उघड्या तंतूंत तो सेकंदाला जेमतेम एक मीटर. हा फरक घरबसल्या अनुभवता येतो. पायाचं बोट उंबऱ्याला ठेचकाळलं की आधी एक तीक्ष्ण कळ येते, आणि 'आई गं' म्हणून होईतो मागून ठणका येतो. ठणका हळूच्या गाडीने आलेला असतो.

पोराचा हात मागे आला तो या दोन्हींच्या आधी. बातमी मानेतल्या मेरुरज्जूत पोचली, तिथल्या मधल्या पेशींनी दंड दुमडणाऱ्या स्नायूंना हुकूम दिला आणि दंड ताणणाऱ्यांना गप्प केलं. मेंदूला फक्त खबर गेली. ही प्रतिक्षिप्त क्रिया. काटा पायात रुतला तर तो पाय वर येतो आणि त्याच क्षणी दुसरा पाय ताठ होतो, नाहीतर आपण पडलोच असतो. एक स्नायू आवळताना त्याचा विरोधी स्नायू सैल पडतो, हे इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टनने वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून मांडलं. दोन पेशींमधल्या फटीला 'सिनॅप्स' हे नाव त्यानेच १८९७ मध्ये रूढ केलं. १९३२ चं नोबेल त्याला एड्रियनबरोबर विभागून मिळालं.

डॉक्टरची हातोडी गुडघ्याखाली बसते तेव्हा चालते ती आणखी साधी क्रिया. स्नायू ताणला जातो, त्याच्यातली ताण मोजणारी पेशी कळवते आणि मध्ये एकच फट ओलांडून हुकूम परत येतो. अर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी १८७५ साली हा गुडघ्याचा झटका स्वतंत्रपणे नोंदवला. त्याचं मोल असं की तो रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून नाही. झटका आला तर कमरेतल्या ठरावीक पातळीपासून मांडीपर्यंतची जा-ये शाबूत आहे. नाही आला तर तार कुठेतरी तुटली आहे. जास्तच जोरात आला तर वरून येणारा लगाम सुटला आहे, म्हणजे दोष मेंदूत किंवा रज्जूत. बॅबिन्स्कीने १८९६ मध्ये तळपायावर ओरखडा ओढून अंगठा वर जातो की खाली हे पाहण्याची युक्ती दिली, तीही अजून रोज वापरात आहे. यंत्रांच्या काळात ही हातोडी सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत कमी उचलली जाणारी वस्तू आहे.

आणखी एक. प्रतिक्षिप्त क्रिया आंधळी नाही, मेंदू तिला रोखू शकतो. दुधाचं भांडं भाजत असलं तरी आई ते ओट्यावर टेकवेपर्यंत सोडत नाही. सोनं १०६४ अंशांना वितळतं. त्या रसाची मूस सांडशीत धरलेली असताना मनगटावर ठिणगी उडाली तरी गलाईवाला हात झटकत नाही. बोटं तयार होण्याचं हे तिसरं, खरं कौशल्याचं उत्तर: चटका बसतो, कळतो आणि तरी हात थांबतो. यात तार शाबूत असते, तालीम मेंदूची झालेली असते. घट्टा, तालीम आणि बधिरपणा हे तिन्ही वेगळे ओळखता आले पाहिजेत.

न दुखणाऱ्या हातांचा इतिहास

बधिरपणाचा सर्वांत मोठा धडा आपल्या देशाला कुष्ठरोगाने दिला. हॅन्सनने १८७३ मध्ये नॉर्वेत शोधलेला हा जंतू चेतेच्या वेष्टणपेशीत घर करतो. त्याला गारवा मानवतो, म्हणून कातडीलगतच्या चेता त्याला आवडतात. कोपराच्या आतल्या बाजूची चेता दोरीसारखी जाड होते, बोटाने चाचपडता येते. हाताची शेवटची दोन बोटं आकडीसारखी वळतात. रोगाने बोटं झडतात असंच पिढ्यान्पिढ्या मानलं गेलं. वेल्लोरला १९४० च्या दशकाअखेरीपासून काम करणाऱ्या पॉल ब्रँड यांनी या हातांवर बारकाईने लक्ष ठेवलं, तेव्हा वेगळंच दिसलं. बोटं जंतू खात नव्हता. चुलीतलं भांडं, गंजकं कुलूप, रात्रीचा उंदीर, यांनी केलेल्या जखमा कळतच नव्हत्या, म्हणून त्या वाढत गेल्या. पांगळे झालेले स्नायू बदलून हात पुन्हा उघडता येतो हे त्यांनी शस्त्रक्रियांतून दाखवलं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंटिया यांनी प्लास्टिक सर्जरीची ताकद याच रुग्णांमागे लावली.

महाराष्ट्रात दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन यांनी समाजाने बाहेर टाकलेल्या या हातांना शेती आणि कारागिरी दिली. त्यासोबत एक न दिसणारी शिस्तही लागली. ज्याला चटका कळत नाही त्याने डोळ्यांनी हात राखायचा: रोज तळहात तपासायचे, कढईला फडकं, अवजाराला जाड मूठ. १९८२ नंतर बहुऔषधी उपचाराने जंतू मरू लागला. २००५ अखेर भारतात रुग्णांचं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आल्याचं जाहीर झालं. पण आजही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. औषध जंतू मारतं, मेलेली चेता परत आणत नाही. म्हणून न खाजणारा, न दुखणारा फिकट चट्टा लवकर पाहणं, यावरच सगळं अवलंबून आहे. आणि लोक दवाखान्यात जातात ते दुखतं म्हणून.

पुण्यातला जानेवारी

याउलट, चेता एकदम कोसळल्या की काय होतं ते पुण्याने २०२५ च्या जानेवारीत पाहिलं. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत आधी जुलाब, मग आठवड्याभरात पायांतलं बळ गेलेली माणसं रुग्णालयांत येऊ लागली. 'जीबीएस', म्हणजे गिलाँ-बारे सिंड्रोम, ही तीन अक्षरं घराघरांत पोचली. महिना-दीड महिन्यात रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्नपाण्यातून येणारा जंतू सापडला, आणि बोट पाण्याकडे वळलं.

जंतू चेतेत शिरत नाही. त्याच्या कवचावरचे काही रेणू आपल्या चेतांवरच्या रेणूंसारखे दिसतात. त्याच्यावर सोडलेलं सैन्य मग घरच्यांवरच चालून जातं. गिलाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये, महायुद्ध चालू असताना, दोन सैनिकांचं वर्णन केलं. हातपाय लुळे, झटके नाहीसे, पाठीच्या पाण्यात प्रथिन वाढलेलं पण पेशी वाढलेल्या नाहीत. झटका नाहीसा होणं ही खूण आजही पहिल्या ओळीत असते. साधारणपणे लाखात एखाद-दुसऱ्याला वर्षाला हा आजार होतो. पाचांतल्या एका-दोघांना श्वासासाठी यंत्र लागतं. प्रतिपिंडांची इंजेक्शनं किंवा रक्तद्रव बदलणं, दोन्ही सारखीच उपयोगी आणि दोन्ही महाग. बहुतेक जण महिन्यांनी का होईना चालू लागतात.

महाराष्ट्राला असा धक्का पहिल्यांदाच बसला असं नाही. १९७१ मध्ये मुंबईत डोळे येण्याची प्रचंड साथ आली. काही रुग्णांचे डोळे बरे झाल्यावर पाय लुळे पडू लागले. डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि पोलिओसारख्या या नव्या पक्षाघाताची नोंद जगासमोर ठेवली.

पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला तर तो कळवायचा, ही पद्धत पोलिओ निर्मूलनाने घालून दिली. देशातला वन्य विषाणूचा शेवटचा पोलिओ रुग्ण २०११ मध्ये सापडला, तरी ती चालू आहे. चेतांची अशी हजेरी आपण मुलांची घेतो. मोठ्यांची घेत नाही.

डिंक, शिसं, साखर

साथ बातमीत येते, कारण ती भराभर घडते. कामाच्या जागेवरची विषं सावकाश काम करतात. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. मडक्यांना शिशाचं लुकण देणाऱ्या कुंभारांचे हात आधी थरथरतात, मग लुळे पडतात, हे त्यात आहे. शिसं मुख्यतः हुकूम नेणाऱ्या तंतूंना मारतं. जो हात जास्त चालतो त्याचं मनगट आधी लोंबतं. चांदी शुद्ध करण्याची जुनी रीत शिशावरच आधारलेली आहे. तापलेलं शिसं मळ ओढून घेतं आणि त्याचा धूर खोलीत राहतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने शिशाची विषबाधा सरकारला कळवणं सक्तीचं केलं. पण विजेवर चालणाऱ्या जागेत किमान दहा कामगार असतील तरच तो लागू होई. तीन माणसं आणि एक भट्टी असलेली खोली त्यात कधी बसलीच नाही.

करोल बागेचा दुसरा जुना धंदा चामड्याचा. नवी दिल्ली बांधताना उठवलेल्या वस्त्यांतली माणसं इथे आणून वसवली. रेगरपुरा हे नाव चामड्याचं काम करणाऱ्या रेगर समाजावरून पडलं. चपला-पाकिटं चिकटवण्याच्या काही डिंकांत हेक्झेन नावाचा भराभर उडून जाणारा द्रव असतो. जपानमध्ये १९६० च्या दशकात घरी बसून चपला चिकटवणाऱ्या कामगारांचे पाय त्याने लुळे पडले. चीनच्या सुझोऊ शहरात २००९ च्या सुमारास मोबाईलचे पडदे पुसणाऱ्या शंभराहून अधिक कामगारांना हीच बाधा झाली. मोबाईलच्या दुरुस्तीसाठी दिल्लीभर ओळखल्या जाणाऱ्या गफ्फार मार्केटपासून रेगरपुरा हाकेच्या अंतरावर आहे. दोन्हीकडे बाटलीवरचं नाव वाचून खिडकी उघडणं परवडतं. शरीरात हेक्झेनपासून जे द्रव्य बनतं ते तंतूंमधला सांगाडा एकमेकांत गुंतवून टाकतं. रसद अडते, टोकं सुकतात. काम सोडल्यावरही काही आठवडे बिघाड वाढत राहतो, म्हणून माणसाला वाटतं की काम सोडून काय फायदा झाला?

आणि सर्वांत मोठी फौज मधुमेहाची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या चेतांना आयुष्यात कधीतरी बाधा पोचते. सुरुवात विचित्र असते. चालताना चप्पल पायातून निसटते आणि दहा पावलांनंतर कळतं. तीच चप्पल पायात असताना आत शिरलेला खडा दिवसभर कळत नाही. यात शाकाहारी घरांतली बी-१२ ची कमतरता मिसळते. मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी ती आणखी वाढवू शकते. क्षयाच्या आयसोनियाझिडने बी-६ कमी पडतं. कर्करोगावरचं, आपल्या कुंडीतल्या सदाफुलीतून मिळणारं व्हिंक्रिस्टिन बोटं बधिर करतं.

उपचारांबाबत गोंधळ पुष्कळ आहे. 'नसांची ताकद' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या ज्याला कमतरता आहे त्याला उपयोगी पडतात. सरसकट घेण्यात अर्थ नाही. बी-६ तर मोठ्या मात्रेत आणि फार काळ घेतलं तर स्वतःच चेता बिघडवतं, हे १९८३ पासून माहीत आहे. ठणका कमी करणारी औषधं ठणकाच कमी करतात, तार जोडत नाहीत.

दिवसाला एक मिलिमीटर

तरी परिघीय चेतांचं एक भाग्य आहे. त्या वाढतात. मेंदू-मेरुरज्जूतले तुटलेले तंतू परत जोडले जात नाहीत, पण हातातली चेता तुटली तर तिच्या वेष्टणपेशी रिकामा बोगदा धरून ठेवतात आणि नवं टोक त्यातून दिवसाला साधारण एक मिलिमीटर सरकतं. कोपरापाशी तुटलेल्या चेतेला बोटाच्या टोकाशी यायला वर्षाहून अधिक लागतं. तोवर स्नायू वाट पाहत सुकत असतो, दीड वर्षानंतर तो फारसा ओळख देत नाही. म्हणून इथे सगळं वेळेवर आहे. मनगटातल्या दबलेल्या चेतेची शस्त्रक्रिया, साखर आवरणं, डिंक बदलणं, कुष्ठरोगाच्या गोळ्या, बी-१२ ची सुई, सगळं लवकर केलं तर काम करतं.

लवकर कळायचं कसं? दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा केस, १२८ कंपनांचा नादकाटा, गार आणि कोमट पाण्याच्या दोन नळ्या, आणि ती हातोडी. घोट्याचा झटका बहुधा सर्वांत आधी जातो, त्याला मिनिटभरही लागत नाही. दोन हातांची बोटं गुंतवून जोरात ओढायला सांगितलं तर दबलेला झटका वर येतो, ही हंगेरीच्या येंड्रासिकची युक्ती कोणालाही शिकवता येते. पैसे लागत नाहीत, सवय लागते. चेतेचं आजारपण बहुतेक वेळा काहीतरी नसण्यातून दिसतं. झटका नाही, कळ नाही, चटका नाही. आणि जे नाही ते आपणहून दारात येऊन तक्रार करत नाही.

त्या दिवशी निघताना मी तात्यांना डोळे मिटायला लावले. चहाचा पेला एका बोटाला, स्टीलच्या तांब्याची गार कड दुसऱ्याला लावून विचारलं, कुठलं गरम? उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने बरोबर सांगितलं. तिथे जाड, पिवळट घट्टे होते. करंगळी लावली तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. तिथे घट्टा नव्हता. कातडी पोराच्या बोटासारखी मऊ होती. डोळे उघडून त्यांनी ती करंगळी चोळली आणि पोराला हाक मारली, "ये हिकडं, तुजी बी बगू दे."